काल्पनिक जगाचा ३००० वर्षांचा इतिहास लिहिलाय, पण खेळाडू ऐकतच नाहीत

मुलुंडचा_गेममास्टर:

नमस्कार मंडळी. आम्ही काही जण रविवारी दुपारी मुलुंडला एका मित्राकडे टेबलटॉप रोलप्लेइंग खेळतो, म्हणजे टेबलाभोवती बसून एकेका पात्राची भूमिका घ्यायची आणि गोष्ट पुढे न्यायची. फासे, कागद, पेन्सिली आणि मधोमध बटाटेवड्यांची परात. गेम चालवायचं काम माझ्याकडे. या वेळी विकतचं जग नको, आपलंच उभं करू, तेही मराठीत, असं ठरवून मी एक अख्खा खंड रचला.

जमाती तीन. कातळे डोंगराच्या पोटात राहतात, बुटके, छिन्नी-हातोडीशिवाय घराबाहेर पडत नाहीत. खाजणे खाडीकाठचे, बोटांमध्ये पडदा, मीठ आणि मासळीवर पोट, चाळिशी म्हणजे म्हातारपण. गगने घाटमाथ्यावरचे, शेलाटे, तीनशे वर्षं सहज जगतात आणि ते सगळ्यांना ऐकवत फिरतात. तिघांचं एकमेकांशी हाडवैर.

इतिहास चार युगांचा. देवांनी तिघांना घडवलं, मग गगन्यांनी कातळ्यांचा राजमुकुट पळवला, मग महायुद्ध होऊन खंड दुभंगला, आणि चौथं युग सध्या चालू. वंशावळी, नकाशे, सगळं धरून चाळीस पानं. मोठ्या हौसेने वाचायला बसलो. दुसरं युग संपेपर्यंत दोघे मोबाइलमध्ये, एक जण उरलेली चटणी निपटतोय. शेवटी एकीने विचारलं, "पण यांचं भांडण नक्की कशावरून आहे?" मी मुकुटाचं सांगितलं. ती म्हणाली, "एका मुकुटासाठी हजार वर्षं? यांना कामधंदे नाहीत का?"

तर, वैर खरं वाटावं म्हणून काय करावं? आणि हा जुना इतिहास भाषण न ठोकता खेळाडूंपर्यंत पोचवायचा कसा?

लोकल_वाचक:

देवांचं युग आधी काढून टाका. प्रत्येक फँटसीत देव माती मळत बसलेले असतात, कोणाला काही पडलेली नसते. चाळीस पानं स्वतःजवळ ठेवा, खेळाडूंना एकच पान द्या. आणि "हाडवैर" हे कारण नव्हे, परिणाम आहे. तुमच्या त्या मैत्रिणीला पुढचं जग रचायला द्या.

बोरिवली_पूर्व:

एक पानही देऊ नका. हातात कागद ठेवला की त्याचा अभ्यास होतो. इतिहास वाटेत पडलेला सापडला पाहिजे, आणि तोही दोन्ही बाजूंनी आपापल्या सोयीने लिहिलेला.

मुकुट राहू दे हवा तर, पण त्याच्यामागे एखादं बंदर आणि एखादी घाटवाट उभी करा. आपल्याकडे सातवाहन राजे आणि क्षहरात घराण्याचे शक क्षत्रप झुंजले ते कशावरून? भडोच, सोपारा, कल्याण ही बंदरं खाली, पैठण आणि तेर ही पेठेची गावं वर, मधे सह्याद्री. कापूस-कापड उतरणार आणि दारूचे रांजण चढणार ते नाणेघाटासारख्या खिंडींतूनच. घाट ज्याच्या हातात, जकात त्याची. पहिल्या शतकात कोणा ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने दर्यावर्दींसाठी माहिती लिहून ठेवली आहे, तिच्यात कल्याणबद्दल एक मजेदार नोंद आहे: तिथे चुकून एखादं ग्रीक जहाज लागलंच, तर त्यावर पहारा बसवून त्याला भडोचला नेतात. शत्रूचं बंदर जाळायची गरजच नाही, गिऱ्हाइकं वळवली की बंदर आपोआप बसतं. तुमचे खेळाडू त्या जहाजावर असू देत. खाजण्यांच्या बंदरात माल उतरवायचा ठरलेला, आणि मध्यरात्री गगन्यांचे पहारेकरी डेकवर. भांडण कशावरून, असं कोणी विचारणार नाही.

आता पुरावा कसा पेरायचा ते. नाशिकच्या पांडवलेण्यांत कधी नुसती मान वर करून फिरू नका, लेख कुठे आहेत ते विचारून घ्या. दहाव्या लेण्यात नहपान या क्षहरात क्षत्रपाचा जावई उषवदात बोलतो. तीन लाख गाई दान दिल्या, भडोच-सोपाऱ्याला धर्मशाळा बांधल्या, तापी, दमण, डहाणूच्या नद्यांवर फुकट होड्या ठेवल्या. वाचणाऱ्याला वाटावं, काय पुण्यवान माणूस! त्याच डोंगरात, चार पावलांवर, तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्री बोलते. नातवाच्या, म्हणजे पुळुमावीच्या, राज्याच्या १९व्या वर्षी तिने कोरून घेतलंय की माझ्या मुलाने, गौतमीपुत्र सातकर्णीने, शक-यवन-पल्हवांचा संहार केला आणि क्षहरातांचा वंश निखालस संपवला. एकाच डोंगरात, एकाच धर्माच्या भिक्षूंना दिलेल्या लेण्यांत, एकाचा दानशूर जावई आणि दुसऱ्याचा निर्वंश करावा असा शत्रू, दोन्ही एकच घराणं.

तुमच्या जगात या भिक्षूंच्या जागी कोणीतरी हवं. जिंकणारा आणि हरणारा दोघेही ज्यांना दान देतात, ज्यांच्या भिंतीवर दोघांचेही दगड शाबूत राहतात, असे लोक. खेळाडूंना माहिती लागली की तिथेच जावं लागेल, आणि ते लोक कोणाचीच बाजू घेणार नाहीत.

त्याच तिसऱ्या लेण्यात गौतमीपुत्राची स्वतःची एक आज्ञा आहे, ती मला या सगळ्या पराक्रमांपेक्षा जास्त आवडते. आजवर उषवदाताकडे असलेलं २०० निवर्तनं (जमिनीचं जुनं माप) शेत आम्ही भिक्षूंना देतो, असं तो अधिकाऱ्याला कळवतो. छावणीतून निघालेला हुकूम, आणि विषय काय, तर सातबाऱ्यावरचं नाव बदला. महायुद्धाचं वर्णन चार पानं करण्यापेक्षा असा एक कागद खेळाडूंच्या हाती लागू द्या. कोण जिंकलं ते त्यांचं ते ओळखतील.

आणि नाणी. १९०६ साली नाशिककडे जोगळटेंभीला १३,०००हून जास्त चांदीची नाणी सापडली, सगळी नहपानाची. त्यांतल्या ९,०००हून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप मारलेला. वितळवत बसला नाही, होतं त्यावरच ठोकलं. नहपानाच्या गालावर तीन कमानींचा डोंगर बसलाय आणि डोंगराखालून त्याचं नाक अजून बाहेर आहे. खेळाडूंना पहिल्या कामाची मजुरी अशा नाण्यात द्या. कातळे सराफ वजन बघेल आणि घेईल. गगने खानावळवाला वरचा छाप बघेल आणि नाणं परत सरकवेल. तेवढ्यात तुमची सहा-सात पानं झाली.

मुलुंडचा_गेममास्टर:

काका, हे भारी आहे, नाण्याचं तर उद्याच करतो. पण दोन अडचणी. एक, गगने तीनशे वर्षं जगतात. महायुद्ध ९०० वर्षांपूर्वीचं. म्हणजे त्यांच्यासाठी ते पणजोबांच्या तोंडून आजोबांनी ऐकलेलं. मग शिलालेख, नाणी वगैरे कोडी कशाला, ते सरळ सांगूनच टाकतील ना? दोन, तिन्ही जमातींत लग्नं होत नाहीत असं मी ठरवलंय, वैर कडवट राहावं म्हणून. ते बरोबर आहे का?

खाडीकाठचा:

मधेच तोंड घालतो. पहिल्या अडचणीवर: ज्याला आठवतं तो खरं सांगतो हे तुम्हाला कोणी सांगितलं? आमच्या सोसायटीत वीस वर्षांपूर्वी पाण्याच्या टाकीवरून वाद झाला होता. त्यातले सगळे हयात आहेत. एकाचं दुसऱ्याशी जुळत नाही.

खाजण्यांचं उलट करा. त्यांच्यासाठी ९०० वर्षं म्हणजे चाळीस-पंचेचाळीस पिढ्या, सगळं विसरलेलं, फक्त दगड उरलेले. बोरिवलीला एक्सर गावात सहा वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे स्मारक-दगड, आहेत, बघून या. वीरगळ खालून वर वाचायचा असतो. तळाशी लढाई, मधे अप्सरा वीराला वर नेताहेत, सगळ्यात वर तो शिवपिंडीसमोर. एक्सरच्या काही दगडांवर तळाची लढाई समुद्रावरची आहे, वल्ह्यांच्या रांगा असलेली गलबतं एकमेकांवर चालून येताहेत. शिलाहार सोमेश्वर आणि देवगिरीचा महादेव यादव यांच्या १३व्या शतकातल्या आरमारी लढाईशी त्यांचा संबंध जोडतात. असे दगड गावोगाव आहेत, आणि कितीतरी ठिकाणी तो कोणाचा हे कोणालाच ठाऊक नसतं, पण शेंदूर चुकत नाही. तुमचे खाजणे ज्या दगडाला नारळ फोडतात तो त्यांनाच बुडवणाऱ्या गगन्या सेनापतीचा निघू दे. आणि तो सेनापती मेला तेव्हा समोर बसलेल्या गगन्याचा पणजोबा त्याच गलबतावर होता.

लोकल_वाचक:

हे चोरतो आहे.

बोरिवली_पूर्व:

काका नाही रे, मावशी म्हण. आणि आता तुला अरेतुरे करते, वय कळलं तुझं.

लग्नं बंद करू नकोस, त्याने वैर कडवट होत नाही, सपक होतं. क्षहरात बुडाले तरी क्षत्रप संपले नाहीत, कार्दमक घराण्याचे क्षत्रप पुढे आले आणि सातवाहनांशी भांडण चालूच राहिलं. मी सकाळी नॅशनल पार्कात चालायला जाते आणि जमेल तेव्हा वर कान्हेरीला. तिथे एका पाण्याच्या टाक्यावर लेख आहे. सतेरक नावाच्या अमात्याने ते टाकं दिलं, आणि त्यात सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र सातकर्णीच्या राणीचा उल्लेख येतो. ही राणी कार्दमक वंशातली, महाक्षत्रपाची मुलगी! बापाच्या नावातलं "रु" एवढंच अक्षर उरलंय, बहुतेक अभ्यासक तो रुद्रदामन धरतात. राणीचं स्वतःचं नाव वाचता येत नाही. उन्हाळ्यात जाशील तर बघ, टाक्यांत अजून पाणी असतं, लोक सेल्फी काढतात आणि डोक्याच्या वर दोन शत्रू घराण्यांची सोयरीक कोरलेली आहे हे गावीही नसतं.

आता याच्या जोडीला जुनागढचा लेख ठेव. इ.स. १५०चा, रुद्रदामनाचाच. तो फुशारकी मारतो की दक्षिणापथाच्या सातकर्णीला मी दोनदा सरळ लढाईत हरवलं, पण जवळचं नातं म्हणून समूळ उच्छेद केला नाही. सासऱ्याने दोनदा मारलं आणि वर दगडावर लिहून ठेवलं की सोडून दिलं! त्या राणीच्या जागी स्वतःला ठेवून बघ. माहेरहून आलेला प्रत्येक दूत तिच्याकडे कुठल्या नजरेने बघत असेल? तुझ्या कातळ्यांच्या दरबारात अशी एक गगनी सून बसव. नवऱ्याचं आयुष्य साठ-सत्तर वर्षांचं असलं तर ती त्याच्यानंतर दोनशे वर्षं त्याच राजवाड्यात विधवा म्हणून राहणार, पणतूच्या पणतूला सल्ले देणार. तुझ्या तीनशे वर्षांच्या आयुष्याचा खरा उपयोग इथे आहे. ती सगळं सांगू शकते, पण तिला माहेरही आहे आणि सासरही.

खाडीकाठचा म्हणतो ते बरोबर, आठवण म्हणजे साक्ष नव्हे. फक्त एक भर घालते: गगने खोटं बोलतील असं सरसकट करू नकोस, त्याने ते खलनायक होतील. त्यांना स्वतःपुरतं खरं आठवू दे. बलश्रीही खोटं बोलत नव्हती, उषवदातही नव्हता.

अजून एक, वर्षं मोजायचं. तुझ्या चाळीस पानांत "युग ३, वर्ष ४१२" असं एकच कॅलेंडर असणार, पैज लावते. ते मोड. सातवाहन लेखांत अमुक राजाचं १९वं वर्ष असं येतं, राजा बदलला की मोजणी पुन्हा एकपासून. उषवदाताच्या लेखांत ४१, ४२, ४५ अशी वर्षं आहेत आणि ती कुठल्या मोजणीतली यावर विद्वान अजून भांडतात. आणि गंमत बघ, इ.स. ७८पासूनचा शक पश्चिमेच्या क्षत्रपांनी पिढ्यान् पिढ्या वापरला, आणि कित्येक शतकांनंतर त्याला शालिवाहनाचं, म्हणजे सातवाहनाचंच, नाव चिकटलं. आपण पाडव्याला गुढी उभारून पंचांगात वाचतो ते "शालिवाहन शके", म्हणजे मोजणी एकाची आणि नाव त्याच्या वैऱ्याचं. तुझ्या खेळाडूंना दोन करार सापडू देत, दोन्हींवर "वर्ष ४१". एक कातळ्यांचं, एक गगन्यांचं. मिठागर कोणाचं हे त्यावर अवलंबून.

मुलुंडचा_गेममास्टर:

मावशी, पैज जिंकलात. "युग ३, वर्ष ४१२" अगदी तेच आहे, खंड दुभंगला ते वर्ष. खंड आता दुभंगत नाही, फक्त खिंड बंद होते आणि बंदर बसतं. गगनी सून नक्की. तिचं नाव काय ठेवू?

बोरिवली_पूर्व:

नाव ठेवच. पण सासरचं वेगळं आणि माहेरचं वेगळं ठेव, आणि खेळाडू कुठल्या नावाने हाक मारतात त्यावर ती काय सांगेल ते ठरव.

लोकल_वाचक:

मुलुंडला एखादी जागा आहे का? मी खाजणा घेतो, जकातनाक्यावरचा कारकून. नाणी मोजून घेईन.

मुलुंडचा_गेममास्टर:

आहे. फासे स्वतःचे आणा, आणि चटणी जास्तीची.