अनुभव धागा: टीव्हीवरचं वेस्टर्न आणि खरं वेस्ट, तुम्हाला कुठे काय सापडलं?

वाऱ्यावरची

गेली सहा वर्षं कॅन्ससमध्ये विचिटाला राहतेय. शेजारी एक आजोबा आहेत, ब्याऐंशी वर्षांचे, एकटेच असतात. लॉकडाऊनमध्ये आम्ही त्यांना डबा द्यायचो आणि मग अंगणात लांब लांब खुर्च्या टाकून गप्पा व्हायच्या, त्यात दर दोन दिवसांनी विषय 'गनस्मोक'वर, म्हणजे काउबॉय आणि मार्शलच्या गोष्टींच्या एका जुन्या वेस्टर्न मालिकेवर यायचा. १९५५ ते १९७५, वीस सीझन, ६३५ भाग. मार्शल (कायदा राखणारा अधिकारी) मॅट डिलन, डॉक, मिस किटी, लंगडत चालणारा चेस्टर. आजोबांसाठी म्हणून एक भाग बघितला आणि मग मीच अडकले.

ही मालिका डॉज सिटीत घडते आणि डॉज सिटी आमच्यापासून अडीच-तीन तासांवर, त्यामुळे रस्ते उघडल्यावर पहिल्यांदा तिथेच गेलो. आणि तिथे डोंगरच नाहीत! मालिकेत मॅट डिलन कुणाचा माग काढत निघाला की मागे खडक, टेकड्या, खिंडी असतात. प्रत्यक्षात सगळं ताटासारखं सपाट, नजर जाईल तिथपर्यंत नुसतं आभाळ. मॅट डिलन काल्पनिक हे माहीत होतं, पण तिथला एक जुना फोटो बघून मी थांबलेच. १८७० च्या दशकातला फ्रंट स्ट्रीट, आणि भर रस्त्यात पाटी की शस्त्र बाळगायला सक्त मनाई. म्हणजे आपण ज्या गावाला गोळीबाराचं गाव समजतो त्या गावात बंदूक जमा करावी लागायची! नंतर वाचलं की कॅन्ससच्या पाच गुरांच्या बाजारगावांमध्ये मिळून (डॉज सिटी, ॲबिलीन, एल्सवर्थ, विचिटा, कॉल्डवेल) १८७० ते १८८५ मध्ये एका इतिहासकाराने मोजलेले खून ४५. पाच गावं, पंधरा वर्षं. टीव्हीवर एवढे एका सीझनमध्ये होत असतील.

आजोबांना सांगितलं. ते बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, अगं आम्ही शनिवारी रात्री खून बघायला नव्हतो बसत, डॉक आणि चेस्टरची भांडणं बघायला बसायचो.

तेव्हापासून हे डोक्यात आहे, म्हणून धागा काढला. कुठली मालिका बघितलीत, त्यातलं काय खरं वाटायचं, कधी कळलं आणि कळल्यावर मजा गेली की वाढली? नुसती चुकांची यादी नको, तुमचं स्वतःचं काय झालं ते लिहा.

बांधावरचा

आमचे अण्णा (वडील) परभणीकडचे, आयुष्यभर बैलांवर शेती केलेली. डेन्व्हरला आमच्याकडे आले तेव्हा भाषेची अडचण म्हणून त्यांना जुनं काहीतरी लावून द्यायचो, त्यात 'वॅगन ट्रेन' सापडली, १९५७ ते ६५ ची. गाड्यांचा तांडा मिसूरीकडून पश्चिमेला निघालाय, दर भागात एका प्रवाशाची गोष्ट. अण्णांना इंग्रजी येत नाही तरी कळायचं. दुसऱ्याच दिवशी म्हणाले, "हे घोडे का जुंपलेत? एवढं वजन घेऊन एवढ्या लांब घोडा जात नसतो. अन् याला दाणा कुठून घालतेत हे?" मी म्हटलं अण्णा, अमेरिकेतले घोडे वेगळे असतात. आणि विषय सोडून दिला.

पुढच्या महिन्यात नेब्रास्कात स्कॉट्स ब्लफला गेलो, ऑरेगन ट्रेल (पश्चिमेला वस्तीला जाणाऱ्यांची जुनी वाट) तिथून जायची. तिथे गाड्या मांडून ठेवल्यात आणि त्यांना बैल!! माहिती वाचत गेलो तसं अण्णांचं एकेक म्हणणं खरं निघत गेलं. बहुतेक लोक बैलच जुंपायचे कारण बैल स्वस्त, दमदार, आणि नुसत्या चाऱ्यावर भागतं, घोड्याला धान्य लागतं. जवळजवळ ३,२०० किलोमीटरची वाट, पाचेक महिने, दिवसाला वीस-पंचवीस किलोमीटर. गाडीला स्प्रिंग नाहीत आणि आत सामान भरलेलं, त्यामुळे माणसं बहुतेक चालतच जायची, बायका-पोरं पण. बैलाच्या खुराला दोन फाकी म्हणून नालसुद्धा दोन तुकड्यांची, ते कळल्यावर अण्णा म्हणाले, "आपण पत्र्या मारतो तशाच की."

आणि गोल करून गाड्या उभ्या करणं! टीव्हीवर ते कायम हल्ला आला की. खरं तर रोज रात्री करायचे ते मुख्यतः गुरं आत कोंडून ठेवायला. खरा शत्रू होता कॉलरा. नाहीतर नदी ओलांडताना बुडणं, चाकाखाली येणं, स्वतःचीच बंदूक चुकून उडणं. १८४० ते ६० या काळात त्या वाटांनी अडीच लाखांहून जास्त लोक गेले, त्यांच्यातले मूळ रहिवाशांच्या हातून मेले ३६२ आणि प्रवाशांनी मारलेले मूळ रहिवासी ४२६, असा एका अभ्यासकाचा हिशोब आहे. हे आकडे मी दोनदा वाचले, कारण लहानपणापासून बघितलेल्या सगळ्या वेस्टर्नने डोक्यात बरोबर उलटं चित्र बसवलेलं.

मला वाईट याचं वाटतं की बैलाबरोबर पाच महिने चालत जाणाऱ्या बाईची गोष्ट जास्त जबरदस्त आहे. तिला घोडागाडीत बसवून त्यांनी गोष्टच लहान केली.

ऊनसावली

मी ॲरिझोनातल्या टूम्बस्टोन गावाबद्दल लिहिते. फीनिक्सला होतो तेव्हा सासू-सासरे आले की ग्रँड कॅन्यन आणि मग टूम्बस्टोन हे ठरलेलं. मी स्वतः पहिल्यांदा जायच्या आधी वायट अर्प या तिथल्या गाजलेल्या कायदारक्षकावरची १९५५ ते ६१ ची मालिका बऱ्यापैकी बघितली होती, ह्यू ओब्रायनची. त्यातलं ते लांब नळीचं पिस्तूल मला फार आवडायचं. तर ते पिस्तूल १९३१ साली आलेल्या वायटच्या एका चरित्रातून आलंय, त्याचा धड पुरावा सापडलेला नाही.

वायट आणि त्याच्या भावांची ती प्रसिद्ध ओके कोरलची (कोरल म्हणजे घोडे-गुरांचं कुंपण) चकमक झाली २६ ऑक्टोबर १८८१ ला, साधारण तीस सेकंद, साधारण तीस गोळ्या, तीन मेले. आणि कोरलमध्ये नाहीच झाली, एका फोटो स्टुडिओशेजारच्या अरुंद मोकळ्या जागेत झाली. मी त्या मापाचा अंदाज घेत उभी होते तर लक्षात आलं की आमच्या दादरच्या चाळीतल्या दोन बिऱ्हाडांएवढंच अंतर, समोरच्याच्या पापण्या दिसतील इतकं. आणि निमित्त काय, तर गावात हत्यार घेऊन फिरायला बंदी होती आणि समोरच्यांनी ती मोडली! वाऱ्यावरची, तुमच्या पाटीचीच गोष्ट. त्या दिवशी शहराचा मार्शल वायट नव्हताच, त्याचा मोठा भाऊ व्हर्जिल होता.

मला जास्त लागलं ते त्याच्या पुढचं. आधी महिनाभर कोर्टात सुनावणी, मग डिसेंबरमध्ये व्हर्जिलवर दबा धरून हल्ला आणि त्याचा हात कायमचा निकामी, मग मार्चमध्ये धाकटा मॉर्गन बिलियर्ड्स खेळताना पाठीत गोळी लागून गेला. टीव्हीवर चकमक झाली की हिशोब मिटतो. इथे तीस सेकंदांनी एक घर उद्ध्वस्त केलं आणि ते मला त्या धुळीत उभं राहून कळलं.

सेटवरचा

मी मराठी मालिकांना आर्ट डिपार्टमेंटला आहे, त्यामुळे दुसरी बाजू सांगतो. त्या काळी (१९५९ च्या आसपास) अमेरिकेत संध्याकाळच्या मुख्य वेळेत तीसेक वेस्टर्न मालिका एकाच वेळी चालू होत्या. त्याच त्या स्टुडिओतल्या गल्ल्या, पाटी बदलली की गाव बदललं. आठवड्याला एक भाग द्यायचा तर कोण बैल आणून शिकवणार? घोडे आणि त्यांची माणसं तयार असायची. हे मी रोज जगतो.

पण काही चुका पैशामुळे नसतात. 'द रायफलमन' घ्या, गोष्ट १८८० च्या दशकातली आणि हातातली विंचेस्टर १८९२ च्या मॉडेलची, का तर ती फिरवून झाडताना भारी दिसते. आणि धूर! त्या काळची बंदुकीची काळी दारू पाच-सहा बार झाले की समोरचं दिसेनासं करायची. टीव्हीवर धूर नाही कारण हिरोचा चेहरा दिसला पाहिजे.

आमच्याकडे एका शिवकालीन मालिकेत फुललेल्या गुलमोहराखाली सीन लावला होता. मी सांगितलं की हे झाड मूळ मादागास्करचं, आपल्याकडे एकोणिसाव्या शतकात आलं, महाराजांनी ते बघितलेलंच नाही. उत्तर आलं, लाल रंग छान येतोय. सीन तसाच गेला. दोन वर्षं झाली, अजून तो भाग लागला की मी दुसऱ्या खोलीत जातो.

गंधाली

'डेडवूड' कुणी नाही लिहिली अजून? २००४ ते ०६, छत्तीस भाग. मी एका आठवड्यात संपवली आणि मग नवऱ्याला घेऊन साउथ डकोटातल्या खऱ्या डेडवूड गावी गेले.

मालिकेत सेथ बुलक (गावचा शेरीफ) आणि वाइल्ड बिल हिकॉक (नावाजलेला बंदूकबाज) यांची मैत्री होते ना, तो माझा सगळ्यात आवडता भाग. तर खरा बुलक डेडवूडला पोचला १ ऑगस्ट १८७६ ला आणि हिकॉकचा पत्ते खेळताना खून झाला २ ऑगस्टला. एक दिवस! त्यांची भेट झाली असेल तरी ती किती झाली असेल. मला याचा राग नाही आला. दोन माणसं एकाच गावात एक रात्र होती आणि लेखकाने त्या रात्रीला लांब केलं, हे मला चालतं. बुलकचं लग्न पण बदललंय, मालिकेत भावाच्या विधवेशी, खऱ्यात बालमैत्रिणीशी. चालतं. बुलकची कबर स्मशानाच्या वर चांगली चढण चढून आहे, तिथे बसून मी डबा खाल्ला आणि मला दोन्ही बुलक एकदम आठवत होते.

दारूचा गुत्ता चालवणाऱ्या स्वेअरेंजनचं मात्र नाही चालत. मालिकेत तो इतका रंगवलाय की आपण त्याच्या बाजूचे होतो. खरा माणूस आयोवाचा, लांबलांबच्या मुलींना नोकरीचं खोटं सांगून बोलवायचा आणि धंद्याला लावायचा. त्या मुलींची नावंसुद्धा राहिली नाहीत आणि त्याच्या नावाने लोक टीशर्ट घालतात.

आणि ते सगळं गावच बेकायदेशीर होतं, १८६८ च्या तहाने ब्लॅक हिल्स, म्हणजे तिथले डोंगर, तिथल्या मूळ रहिवासी लकोटांचे. मालिकेत हे येतं पण बोलण्यात, लकोटा माणसं जवळजवळ दिसतच नाहीत. १९८० ला सुप्रीम कोर्टाने भरपाई मंजूर केली दहा कोटी डॉलरच्या वर, त्यांनी आजपर्यंत घेतली नाही कारण त्यांना जमीन हवीये. हे मला तिथल्या दुकानातल्या लकोटा बाईंनी सांगितलं, शांतपणे, मी विकत घेतलेला कप कागदात गुंडाळता गुंडाळता.

गुरुजी_दूरदेशी

ॲरिझोनात नवाहो नेशनमधल्या (नवाहो या मूळ रहिवाशांचा प्रदेश) शाळेत गणित शिकवतो. पहिल्या वर्षी मुलांनी विचारलं, सर तुम्ही इंडियन? म्हटलं हो. म्हणाले आम्हीपण. त्यावरून विषय निघाला की नाव कुणी दिलं आणि मग 'द लोन रेंजर' मालिकेचा, त्यातल्या हिरोच्या मूळ रहिवासी साथीदाराचा, टाँटोचा. एका मुलीने सांगितलं की तिच्या आजीला तो आवडायचा आणि आईला अजिबात नाही. मी घरी जाऊन भाग बघितले. टाँटोला तोडकंमोडकं इंग्रजी दिलंय, आणि त्या शब्दाचा स्पॅनिशमधला अर्थ 'मूर्ख'.

पण काम करणारा जे सिल्व्हरहील्स हा कॅनडातल्या सिक्स नेशन्स या मूळ रहिवाशांच्या वस्तीतला मोहॉक, लॅक्रॉस (जाळीच्या काठीने चेंडू खेळायचा खेळ) उत्तम खेळणारा. १९४९ ते ५७ ते संवाद बोलला, आणि पुढे साठच्या दशकात लॉस एंजेलिसला मूळ रहिवासी नटांसाठी कार्यशाळा उभी केली. आजी आणि आई दोघी मला बरोबर वाटल्या. आजी त्या माणसाला बघत होती, आई त्याला दिलेले संवाद ऐकत होती. हे मी त्या मुलीला सांगितलं तर ती म्हणाली, मी दोघींना सांगते.

कोयनाकाठ

फोर्ट वर्थहून. मी १९८९ ची 'लोनसम डव्ह' दर पावसाळ्यात बघतो (इथे पावसाळा नसतो, पण सवय). त्यात डीट्स नावाचा काळा काउबॉय मरतो आणि कॅप्टन कॉल त्याच्यासाठी फळीवर अक्षरं कोरतो. मला वाटायचं हे लेखकाने रडवायला घातलंय. मग कळलं की इथून तासाभराच्या आत वेदरफोर्डला बोस आयकार्डची कबर आहे. गुलाम म्हणून जन्मलेला, नंतर चार्ल्स गुडनाइट या गुरांच्या मालकाबरोबर गुरांच्या तांड्यावर चार वर्षं. दगड स्वतः गुडनाइटने बसवला, त्यावर लिहिलंय की हा माझ्याबरोबर चार वर्षं होता, कधी काम चुकवलं नाही, किती वेळा उधळलेल्या गुरांमागे माझ्याबरोबर दौडला. कोरलेली फळी तिथून आलीये. मी गेलो तेव्हा कुणीतरी दगडावर नाणी ठेवलेली.

काउबॉयांमध्ये साधारण चारात एक काळा होता असं मानलं जातं, मेक्सिकन तर होतेच, लासो, रँच, रोडिओ हे शब्दच स्पॅनिश. पन्नास-साठच्या टीव्हीवर ही माणसं शोधून सापडत नाहीत. बास रीव्ह्ज हा काळा डेप्युटी मार्शल, ज्याने तीन हजारांवर माणसं पकडली, त्याच्यावर मोठी मालिका यायला २०२३ उजाडलं. तारखा मागेपुढे करा, माझी हरकत नाही. माणसंच काढून टाकू नका.

बांधावरचा

अण्णांना काल फोनवर सगळ्यांचं वाचून दाखवलं. त्यांनी डेडवूडचं दोनदा वाचायला लावलं, त्या मुलींचं. मग विचारलं, "अन् त्या बैलांना उन्हाळ्यात पाणी कुठं पाजायचे?" मला माहीत नव्हतं.

वाऱ्यावरची

बांधावरचा, अण्णांना सांगा, वाट बराच पल्ला प्लॅट नदीच्या काठाकाठाने जायची. आणि निघायचे एप्रिल-मेमध्ये, गवत वर आलं की, म्हणजे बर्फ पडायच्या आत डोंगर ओलांडून होतील.

बांधावरचा

सांगितलं. "मग जमतंय," म्हणाले, आणि आता रात्री किती वाजता गुरं सोडायचे ते विचारून ठेव म्हणाले.