धनुर्वात आणि डांग्या खोकला यांना एकच न्याय नको
‘बूस्टर घ्यावा की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न’ हे मत धनुर्वातापुरते मला मान्य आहे; तो जखमेतून होतो, माणसाकडून माणसाला होत नाही, त्यामुळे दर 10 वर्षांची मात्रा टाळणारा स्वतःलाच धोक्यात घालतो. डांग्या खोकल्याचे तसे नाही. बालपणीच्या लशीचे संरक्षण काही वर्षांत ओसरते, मोठ्या माणसाला तो नुसता रेंगाळलेला खोकला वाटतो, आणि पाळण्यावर वाकलेल्या आजोबांकडून तेच जंतू पहिली मात्राही न मिळालेल्या महिनाभराच्या बाळाकडे जातात, ज्याला कधीकधी खोकला येतच नाही, थेट श्वास अडकतो. सक्ती मला पटत नाही (तिने लशीविषयी अढीच बसते), पण बाळाला भेटण्यापूर्वी निदान दोन आठवडे आधी लस घ्या, असे सांगण्याचा आईचा अधिकार मी पाहुण्याच्या निवडीपेक्षा वरचा मानतो.