भावाला उद्या ११ वाजता पोलीस ठाण्यात बोलावलंय. वकील न्यायचा की नाही? लवकर सांगा

निळी_शाई (रात्री ८:५०)
माझ्या धाकट्या भावाला सायबर पोलिसांनी चौकशीला बोलावलंय. त्याने काहीही केलेलं नाही. काका म्हणतात, वकील घेऊन गेलात तर पोलिसांना वाटेल याच्या मनात काहीतरी आहे, सरळ आत टाकतील. आईने दुपारपासून अन्नाला हात लावलेला नाही. कृपया कलमांचा पाढा नको. वकील न्यायचा की नाही, एवढंच सांगा.

घाटमाथा (८:५८)
एवढ्यावर कसं सांगणार? कशाची चौकशी? लेखी नोटीस आली की नुसता फोन? ठाणं कुठलं? भाऊ राहतो कुठे? गुन्हा दाखल झालाय का?

निळी_शाई (९:०२)
व्हॉट्सअ‍ॅपवर एका पानाचा फोटो आलाय. बँक खात्याबद्दल आहे काहीतरी. भाऊ चाकणला कंपनीत असतो, आम्ही सातारा जिल्ह्यात.

रानजाई (९:०५)
ताई थांबा! ही डिजिटल अटकेवाल्यांची, म्हणजे व्हिडिओ कॉलवर पोलीस बनून पैसे उकळणाऱ्यांची टोळी असणार. कायद्यात डिजिटल अटक नावाचा प्रकारच नाही. व्हिडिओ कॉल उचलू नका, एक रुपयाही पाठवू नका, सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा. माझ्या मावशीला तीन दिवस कॅमेऱ्यासमोर बसवून ठेवलं होतं हो. अजून दाराची बेल वाजली की दचकते ती.

निळी_शाई (९:०९)
पोलीस खरेच आहेत. दुपारी दोन हवालदार भावाच्या खोलीवर येऊन गेले, तो पहिल्या पाळीला होता. घरमालकाने ओळखपत्रं बघितली. दुसऱ्या जिल्ह्यातून आले होते.

काळा_कोट (९:१७)
हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं. मी १४ वर्षं फौजदारी बाजूची वकिली करतो. त्या पानावर कलम कुठलं आहे ते आधी बघा. १७९ असेल तर साक्षीदार म्हणून बोलावलंय. ९४ असेल तर कागदपत्रं किंवा फोन हवाय. ३५(३) असेल तर त्याच्यावर संशय आहे, पण पोलिसांना सध्या अटकेची गरज वाटत नाही. तिन्हीत जमीनअस्मानाचा फरक आहे.

सह्याद्रीवारा (९:२०)
३५(३) कुठून आलं? ती ४१अ ची नोटीस असते. उगाच गोंधळ घालू नका.

काळा_कोट (९:२२)
४१अ जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे, त्यात तेच ३५(३) झालं.

निळी_शाई (९:२६)
३५(३) च लिहिलंय. खाली गुन्हा ३१८(४). म्हणजे अटक होणार का???

आबा५८ (९:३१)
पोरी, घाबरू नकोस. १९९६ साली बांधाच्या भांडणात मलाही ठाण्यात बोलावलं होतं. वकीलबिकील काही नाही, गावचे सरपंच बरोबर आले, साहेबांनी चहा पाजला आणि तासाभरात घरी. वकील नेला की प्रकरण वाढतं. ओळखीतला एखादा पुढारी बघ.

काळा_कोट (९:४०)
आबा, तुमचा मान ठेवून सांगतो, बांधाचं भांडण वेगळं आणि हे वेगळं. गावातला फौजदार सरपंचाला ओळखत होता. इथे परक्या जिल्ह्याचे पोलीस आहेत आणि पुरावा बँकेच्या नोंदींत आहे. त्यात पुढारी काय करणार?

ताई, ३१८(४) म्हणजे फसवणूक, शिक्षा सात वर्षांपर्यंत. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात पोलिसांनी आपोआप अटक करायची नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्नेश कुमार खटल्यात सांगितलं. नोटिशीप्रमाणे हजर राहिलं तर अटक करायला कारणं लेखी नोंदवावी लागतात. पण हजर राहिलंच नाही तर तेवढंच अटकेला कारण मिळतं. म्हणून उद्या जायचंच. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली नोटीस रीतसर धरत नाहीत, हेही सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये स्पष्ट केलंय. तरी त्यावर अडून घरी बसू नका. ठाण्यात गेल्यावर नोटीस कागदावर मागून घ्या आणि पोच ठेवा.

आता मुख्य प्रश्न. वकील न्यायचा. होय.

आणि मला खरं सांगा, खात्यात कोणाचे पैसे आले होते?

निळी_शाई (९:५८)
आत्ता भावाशी पुन्हा बोलले. मला हे माहीत नव्हतं. खोलीतल्या एका मुलाने मार्चमध्ये त्याचं एटीएम कार्ड आणि सिम घेतलं होतं, "माझं खातं बंद आहे, पगार तुझ्यावर जमा करतो" म्हणून. महिन्याला ३००० देत होता. तो मुलगा आता खोली सोडून गेलाय. भाऊ २१ वर्षांचा आहे हो.

सह्याद्रीवारा (१०:०१)
मग सरळ अटकपूर्व जामीन टाका. आणि आज रात्रीच फोन रिसेट मारायला सांगा, चॅट वगैरे काही शिल्लक नको.

काळा_कोट (१०:०३)
फोनला अजिबात हात लावू नका!! पुरावा नष्ट करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, भारतीय न्यायसंहितेचं (गुन्हे आणि शिक्षांचा कायदा) कलम २३८. शिवाय "पगार जमा करतो" हे त्या मुलाने ज्या चॅटमध्ये लिहिलंय, तोच तुमच्या भावाचा बचाव आहे. कृपया असले सल्ले इथे देऊ नका, रात्रीच्या वेळी घाबरलेली माणसं ते खरंच ऐकतात.

सह्याद्रीवारा (१०:०६)
चॅटचं चुकलं माझं. पण जामिनाचं बरोबर आहे.

काळा_कोट (१०:०९)
भीती खरी असेल तर सत्र न्यायालयात नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८२ खाली अर्ज करता येतो. पण उद्या ११ च्या आत आदेश हातात येणार नाही. ते तिथल्या वकिलाने कागद बघून ठरवावं.

पावसाळी_दुपार (१०:२०)
मी एवढा वेळ गप्प वाचत होते. गेल्या वर्षी माझ्या बाबांचे निवृत्तीचे ११ लाख असेच गेले. पहिला टप्पा अशाच एका "मी काही केलं नाही" म्हणणाऱ्या पोराच्या खात्यात. इथे सगळे त्याला वाचवायला धावताय. बाबांनी सहा महिने ठाण्याच्या चकरा मारल्या, त्यांच्या बाजूने कोण उभं राहिलं? गुन्हेगारांनाच सगळे हक्क का?

घाटमाथा (१०:२७)
ताई, तुमचं दुःख समजतं. पण कसाबलाही वकील दिला होता आपण. आणि त्याच खटल्यात दोन भारतीय सहआरोपी पुराव्याअभावी सुटले, विशेष न्यायालयापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत. वकीलच दिला नसता तर तेही फासावर गेले असते.

आबा५८ (१०:३०)
कसाबवर किती कोटी खर्च झाले ते पण सांगा की. चार दिवसांत निकाल लावायला हवा होता.

काळा_कोट (१०:४४)
कसाबचा वाद दुसऱ्या धाग्यावर घ्या, उद्या ११ ला इथल्या एका मुलाला जायचं आहे.

पावसाळी_दुपार, मी दोन्ही बाजूंच्या केसेस लढलोय. तुमच्या बाबांचे पैसे ज्याने नेले तो खाती भाड्याने घेणारा माणूस आहे. खातेदार पोराला मारून, कोऱ्या कागदावर सही घेऊन केस उभी केली, तर ती न्यायालयात टिकत नाही. पोलिसांपुढचा कबुलीजबाब पुरावा म्हणून चालतच नाही. पोरगं अडकतं किंवा सुटतं, आणि खरा माणूस सापडत नाही. शेजारी वकील असला की पोरगं घाबरून काहीबाही न बोलता नीट सांगतं: कार्ड कोणी नेलं, कधी, कुठे. तुमच्या बाबांनाही ते उपयोगाचं आहे.

निळी_शाई (१०:५०)
वकिलाला द्यायला पैसे नाहीत आत्ता. आणि वकिलाला आत बसू देतात का?

काळा_कोट (११:०५)
आत्ताच १५१०० लावा, विधी सेवा प्राधिकरणाचा क्रमांक आहे. सकाळी त्या जिल्ह्याच्या न्यायालयात लोकअभिरक्षक कार्यालय गाठा, सरकारी खर्चाने बचावाचा वकील तिथे मिळतो. पुढे अटक झालीच तर कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट नाही, रिमांडच्या वेळी "वकील नाही" एवढं न्यायाधीशांना सांगायचं.

आत बसण्याबद्दल उगाच आशा लावत नाही. त्याच संहितेचं कलम ३८ अटक झालेल्यासाठी आहे: चौकशीदरम्यान वकिलाला भेटता येतं, पण चौकशीभर वकील शेजारी बसेल असं नाही. नोटिशीवर गेलेल्याबद्दल तेवढंही स्पष्ट लिहिलेलं नाही. अधिकारी बऱ्याचदा बाहेर थांबायला सांगतात. थांबू द्या. वकील बाहेर बाकावर बसलाय, हे आतल्या सगळ्यांना माहीत असतं.

भावाला सांगा: खोटं बोलायचं नाही. ज्या उत्तराने स्वतःवरच गुन्हा येईल, ते न देण्याचा हक्क त्याला आहे, राज्यघटनेचं कलम २०(३). पोलिसांपुढच्या जबाबावर सही करावी लागत नाही, कोऱ्या कागदावर तर मुळीच नाही. फोन घेतला तर पंचनामा करून घ्यायचा. आणि अटक केलीच तर कारणं लेखी, त्याला समजणाऱ्या भाषेत द्यावी लागतात, नातेवाइकांना कळवावं लागतं आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत न्यायाधीशांसमोर उभं करावं लागतं.

रानजाई (११:११)
आईला थोडं काहीतरी खायला घाला ताई. उद्या तुम्हालाच धावपळ आहे.

निळी_शाई (दुसऱ्या दिवशी, संध्याकाळी ६:३५)
आत्ता बाहेर पडलो. लोकअभिरक्षक कार्यालयातल्या एक वकीलबाई बरोबर आल्या होत्या. त्यांना बाहेरच थांबवलं, पण त्या साडेपाच तास हलल्या नाहीत. दोनदा आत जाऊन भावाला भेटल्या. नोटीस कागदावर मिळाली. फोन घेतला, पंचनाम्याची प्रत आहे. अटक नाही. शुक्रवारी परत बोलावलंय. काकांनी संध्याकाळी स्वतः वकीलबाईंना फोन करून शुक्रवारची वेळ विचारून घेतली.

खातं मात्र गोठवलंय आणि त्यातच त्याचा खरा पगार अडकलाय. तो कसा सोडवायचा?

काळा_कोट (६:५०)
न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. पगाराच्या पावत्या आणि खातेउतारा काढून ठेवा, कंपनीने कधी किती जमा केले ते वेगळं दिसलं पाहिजे. शुक्रवारी वकीलबाईंनाच दाखवा.

पावसाळी_दुपार (७:१२)
त्या मुलाचं नाव सांगितलं का त्याने?

निळी_शाई (७:१५)
हो. नाव, गावाचा पत्ता, दोन फोटो आणि तो कुठल्या एटीएमवर जायचा ते. सगळं जबाबात आलंय.