आयजेस फाईल आणली की सरफेस सुटे पडतात, एसटीएल फाटतो, काय करू?

गोरेगाव_पॅटर्न
मंडळी नमस्कार. गोरेगाव पूर्वेला माझं थ्रीडी प्रिंटिंगचं छोटं काम आहे, जास्त करून फाउंड्रीसाठी पॅटर्न, म्हणजे ओतकामाच्या साच्यासाठीचे नमुने, करून देतो. एका पार्टीने पंपाच्या व्होल्युट केसिंगची (गोगलगाईसारखं गोल कवच) आयजेस फाईल, म्हणजे एका कॅडमधून दुसऱ्यात मॉडेल न्यायची फाईल, पाठवली, राइनो या कॅड सॉफ्टवेअरमध्ये उघडली तर सॉलिड नाहीच, २१४ सुटे सरफेस. सगळे सिलेक्ट करून जॉइन मारलं तर ९ तुकडे झाले, त्यापुढे जोडायलाच तयार नाही. तसाच एसटीएल, म्हणजे प्रिंटसाठीची त्रिकोणांची जाळी (मेश), काढून स्लायसरमध्ये (थर पाडणारं सॉफ्टवेअर) टाकला तर कटवॉटरपाशी, म्हणजे व्होल्युटची जीभ असते तिथे, मधलेच थर गायब. मग मेश रिपेअरच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑटो रिपेअर केलं, त्याने भेगा बुजवल्या पण सक्शनचं तोंडही बुजवून टाकलं आणि ते कळलं ८ तास प्रिंट झाल्यावर. फिलामेंट गेलं, दिवस गेला. सोमवारी पॅटर्न द्यायचाय. मेश दुरुस्त करू की सरफेस? राइनोचा टॉलरन्स, म्हणजे किती फटीपर्यंत कडा जुळल्या धरायच्या ते, आत्ता ०.००१ मिमी आहे.

बोरिवली_मेकर
मी तर ऑटो रिपेअरच करतो, मूर्ती, खेळणी सगळी निघतात. तोंड बुजलं तर तेवढे त्रिकोण डिलीट करायचे आणि पुढे जायचं.

वसई_टूलरूम
मूर्तीला चालेल हो, पॅटर्नला नको. मेशला कुठलं भोक मुद्दाम ठेवलंय आणि कुठली भेग आहे हे कळत नाही, त्याच्यासाठी दोन्ही उघड्या कडाच. आणि एसटीएल तर १९८७ पासून तसाच आहे, नुसते त्रिकोण, प्रत्येकाचे तीन कोपरे वेगळे लिहिलेले, शेजारी कोण याची नोंदच नाही. त्यामुळे दुरुस्ती सरफेसवरच करा.

भेग का पडते ते आधी बघा म्हणजे बाकीचं आपोआप समजेल. सुट्या सरफेसमध्ये प्रत्येकाची कड स्वतःची असते, दोन शेजारी सरफेस दिसायला चिकटलेले असले तरी फाईलमध्ये ती एकच रेघ दोनदा असते, थोड्या फरकाने. मेश करताना हा सरफेस आपल्या रेघेवर आपले पॉइंट टाकतो, तो आपल्या रेघेवर आपले टाकतो, पॉइंट जुळत नाहीत आणि मध्ये फट राहते. जॉइन झालं की दोघांची कड एक होते, पॉइंट एकदाच पडतात. म्हणून मेश कितीही बारीक केला तरी ही फट जात नाही, फक्त बारीक होते, आणि स्लायसरला बारीक फटसुद्धा पुरते. माझ्याकडे पोरं येतात शिकायला, पहिली चूक हीच, डेन्सिटी वाढवत बसतात.

आता काम. आयजेस साध्या नोटपॅडमध्ये उघडा. डिरेक्टरीच्या ओळींच्या सुरुवातीला नंबर दिसतील, १४४ म्हणजे ट्रिम केलेला (कडेने कापलेला) सरफेस, १८६ म्हणजे सॉलिड. सगळीकडे १४४ आणि १८६ एकही नाही तर पार्टीने सॉलिड पाठवलंच नाहीये, तुमच्या राइनोचा दोष नाही. सरळ फोन करा आणि स्टेप (सॉलिड नेता येणारी दुसऱ्या प्रकारची फाईल) मागा. स्टेप आली की तीही नोटपॅडमध्ये उघडून मॅनिफोल्ड सॉलिड ब्रेप (म्हणजे सॉलिड) शोधा, ते नसून शेल बेस्ड सरफेस मॉडेल (म्हणजे नुसते सरफेस) असेल तर पुन्हा तेच दुखणं. एका फोनने दोन दिवस वाचतात, लाजू नका.

स्टेप नाहीच मिळाली तर टॉलरन्स. ०.००१ या फाईलला फार कडक आहे, ज्याने ती बनवली त्याच्याकडे ढिला असणार. नवीन फाईल घ्या, आधी ०.०१ करा आणि मग आयजेस आणा, नंतर बदलून आधीचं जोडलेलं काही सुधारत नाही. त्यावर जॉइन, मग शोएजेसमध्ये नेकेड एज (न जुळलेल्या उघड्या कडा) बघा. ज्या कडा अजून गुलाबी दिसतील तिथे डिस्टन्सने फट मोजा. ०.०३ च्या आसपास असेल तर टॉलरन्स ०.०५ करून बघा. पण तुमच्या सगळ्यात बारीक फेसपेक्षा (मॉडेलच्या पृष्ठाचा एक तुकडा) टॉलरन्स मोठा नेऊ नका, तो फेस स्वतःच चेपून जातो. ०.१, ०.२ ची फट असेल तर ती टॉलरन्सने नाही, हातानेच सोडवायची.

सीप्झ_रेझिन
वसईदादांना एक जोडतो, मी दागिन्यांचं कॅड करतो, आमच्याकडे रोज हेच. जॉइनएज कमांडने दोन लांबच्या कडा जबरदस्तीने जोडता येतात आणि मॉडेल बंद झाल्यासारखं दिसतं, पण भूमिती जागची हलत नाही, फट आहे तिथेच असते, पुढे बूलियन (सॉलिड एकमेकांत मिळवणं किंवा वजा करणं) किंवा मेश करताना ती वर येते. शेवटचा इलाज म्हणूनच.

जिभेपाशी बहुतेक फिलेट (कोपऱ्याची गोलाई) संपताना सुईसारखा बारीक फेस झाला असेल. तो दुरुस्त करत बसू नका, उडवा. शेजारच्या दोघांच्या कडा ड्यूपएजने काढा आणि नवीन सरफेस नेटवर्कसर्फने बांधा, टँजन्सी (कोपरा न पडता सलग जुळणं) दोन्हीकडे. शेजारचा ट्रिम बिघडलेला असेल तर अनट्रिम करून नव्या रेघेने पुन्हा ट्रिम करा. बंद झाल्यावर डायरेक्शन बघा, बाण सगळे बाहेर. एसटीएल एक्स्पोर्ट करताना उघड्या वस्तू एक्स्पोर्ट करायची खूण काढून टाका, म्हणजे चूक राहिली असेल तर तिथेच कळेल.

वसई_टूलरूम
बरोबर. आणि युनिट. एसटीएलला युनिट नसतं, आयजेस इंचात निघाली असेल तर २५.४ चा फरक, पार्टीच्या ड्रॉइंगवरच्या फ्लँजच्या मापाशी आधी जुळवा. श्रिंकेजही (धातू थंड होताना आकसतो म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करतात ते) विचारा, कास्ट आयर्नला साधारण १ टक्का देतात, त्यांनी आधीच दिली असेल आणि तुम्ही परत दिली तर आख्खा पॅटर्न बाद.

गोरेगाव_पॅटर्न
खूप आभार दोघांचे. नोटपॅडमध्ये बघितलं, खरंच सगळे १४४, १८६ एकही नाही. पार्टीला फोन केला तर त्यांच्याकडेही मूळ मॉडेल नाही, त्यांनाही कुणीतरी हीच फाईल दिलेली, म्हणून हातानेच केलं. ०.०१ वर ९ चे ३ तुकडे झाले, ०.०५ वर एकच, नेकेड एज फक्त जिभेपाशी उरल्या. तिथे फट ०.१८ निघाली आणि सुईसारखा फेस पण होता, सीप्झवाल्यांनी सांगितला तसाच. उडवून नवीन बांधला, तीनदा करावा लागला, टँजन्सी एका बाजूला धरतच नव्हती, शेवटी शेजारचा अनट्रिम केला तेव्हा बसला. बंद पॉलीसरफेस (सगळे सरफेस जोडून झालेलं एक सॉलिड) आला. मेशला कड ते सरफेस जास्तीत जास्त अंतर ०.०५ ठेवलं. श्रिंकेज पार्टीने दिलेली नव्हती, विचारलं ते बरं झालं. प्रिंट लावलीये, थरांच्या प्रीव्ह्यूमध्ये सक्शनचं तोंड उघडं आहे, दोनदा बघितलं.