मदत हवी आहे: रेझोनन्सला व्होल्टेज अर्ध्यावर का येतंय?

घायकुता: उद्या रिपोर्ट द्यायचाय, पटकन सांगा. कॉइल (एल) १० मिलिहेन्री, कपॅसिटर (सी) ०.१ मायक्रोफॅरड आणि रेझिस्टर (आर), सगळे सिरीजमध्ये. रेझोनन्स, म्हणजे एल आणि सीचा अडथळा सारखा होतो ती फ्रिक्वेन्सी, ५ किलोहर्ट्झच्या आसपास सापडला, गणितातही तेवढाच येतो. तिथे एल आणि सी एकमेकांना खोडतात ना? मग सिग्नल जनरेटरचा १ व्होल्ट अख्खा आरवर दिसायला हवा. दिसतोय ०.५५. कॉइल बदलली, तरी तेच.

तारओढ्या: आर किती?

घायकुता: अरे हो, १०० ओहम.

जुना_मीटर: मल्टिमीटरने मोजलंत ना? तो आकडा विसरा. साधे मीटर ५०-६० हर्ट्झच्या हिशेबाने बनवलेले असतात, ५ किलोहर्ट्झवर वाट्टेल ते दाखवतात. माझा आख्खा आठवडा यात गेलाय.

घायकुता: स्कोप (ऑसिलोस्कोप) आहे हो.

जुना_मीटर: मग आधी लिहायचं!

वेटोळे: पॅरलल जोडून बघा. तिथे रेझोनन्सला इम्पिडन्स (एसीला होणारा एकूण अडथळा) सगळ्यात जास्त असतो, रेडिओचं ट्यूनिंग त्यावरच चालतं.

तारओढ्या: त्यांनी सिरीजचं विचारलंय. घायकुता, कॉइलचा स्वतःचा रेझिस्टन्स? आणि तो १ व्होल्ट सर्किट जोडून मोजला की सुटा?

फेज_गेली: मोटरला कपॅसिटर लावून पॉवर फॅक्टर सुधारतात ते हेच का?

घायकुता: सुटा. कॉइल ३० ओहम. पण तेवढ्याने ०.७७ यायला हवा, ०.५५ नाही.

तारओढ्या: आणि जनरेटरच्या पोटातले ५० ओहम? १००, ३० आणि ५० मिळून १८०; म्हणून १०० भागिले १८०. बँडविड्थही (रेझोनन्सभोवतीचा फ्रिक्वेन्सीचा पट्टा) १६०० हर्ट्झच्या जागी २९००च्या घरात मिळाली असेल.

घायकुता: हो!! ती चूक मी लपवणार होतो.

जुना_मीटर: ३० हा डीसीचा आकडा. ५ किलोहर्ट्झला कॉइलच्या कोअरचे (आतल्या गाभ्याचे) लॉस धरले तर जास्त भरेल.

तारओढ्या: ०.५५६ आणि ०.५५ मध्ये कीस कसला काढता? स्कोपची रेघच त्याहून जाड असते.

जुना_मीटर: रिपोर्टमध्ये लिहायला काय जातं?

घायकुता: भांडू नका, आणखी एक. सीवर १.७५ व्होल्ट दिसतोय. १ व्होल्ट देऊन?

तारओढ्या: बरोबर आहे. करंट साडेपाच मिलिअँपिअर, सीचा रिअॅक्टन्स (एसीला होणारा अडथळा) ३१६ ओहम, गुणून बघा. एलवरही जवळपास तेवढाच, पण उलट्या फेजमध्ये, म्हणून बेरजेत दिसत नाही. आता सर्किट जोडलेलं ठेवून जनरेटरच्या टोकांवर प्रोब लावा. ०.७२ आला पाहिजे.

घायकुता: ०.७२च. कॉइल उगाच बदलली.

फेज_गेली: मोटरचं कुणी सांगतंय का?