मदत हवी आहे : रेझर बदलू की हात सुधारू?

दाढीसाठी कार्ट्रिज (पात्यांचं तयार डोकं बदलायचा रेझर) सोडून दुधारी ब्लेडच्या सेफ्टी रेझरकडे वळलोय. गाल मस्त गुळगुळीत होतात, पण गळ्यावर कंठमण्याखाली हमखास लालसर पुरळ आणि एखादी बारीक चीर. तिथले केस आडवे, एका बाजूला झुकून वाढतात. मग वरून खाली फिरवणं म्हणजे केसांच्या दिशेने झालं का?

रेझर साधा, हलका आहे. जड स्टीलचा घेतला तर तो स्वतःच्या वजनावर चालतो, दाब द्यावा लागत नाही, असं जाणकार सांगतात. पटतं. पण ब्लेडचा त्वचेशी ३० अंशांच्या आसपासचा कोन धरायचा तो हातानेच ना? हौसेला ना नाही, फक्त पैसे टाकून तोच त्रास नको.

फेसाचीही शंका आहे. लावताना दाट दिसतो, दुसऱ्या पासपर्यंत (रेझर दुसऱ्यांदा फिरवेपर्यंत) सुकून जातो. इथे बॅजर या प्राण्याच्या केसांचा महाग ब्रश उपयोगी पडेल की थोडं थोडं पाणी घालून जास्त वेळ घोळवायला हवं?

सगळं एकदम बदललं तर नेमका फरक कशाने पडला ते कळणार नाही, म्हणून आधी काय बदलू? ब्लेड, कोन की फेस? गळ्यावर उलट्या दिशेचा पास तुम्ही देता की टाळता? 'सराव कर' एवढंच नको, नेमकं सांगा.