छात्राध्यापिका म्हणजे बिनपगारी बदली बाई का?

कृष्णाकाठ

परवा कराडकडच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांनी पोस्ट लिहिली की डीएलएडच्या, म्हणजे शिक्षक पदविकेच्या, पोरी येतात, रंगीत तक्ते लावतात, फोटो काढतात आणि जातात. त्यांच्यामुळं वर्ग मागं पडतो, आंतरवासिता, म्हणजे शाळेतला हा शिकवायचा सराव, बंद करा, नेमणूक झाली की शिकतील आपोआप. खाली ‘अगदी बरोबर गुरुजी’ म्हणणाऱ्यांची रांग लागली. मी वाळवा तालुक्यातल्या एका जि. प. शाळेत दुसऱ्या वर्षाची आंतरवासिता करतेय. गप्प बसवेना.

गुरुजी, पहिल्याच दिवशी मला सांगितलं गेलं, “मॅडम, तिसरी-चौथी तुमच्याकडं, मला पंचायत समितीत जायचंय.” माझं टाचण, म्हणजे पाठाची लेखी तयारी, कुणी बघितलं नाही, पाठाला मागं कुणी बसलं नाही. वर्गशिक्षक माणूस म्हणून चांगले आहेत. दोघांवर चार वर्ग, त्यात पोषण आहाराचा हिशेब, यू-डायस, अपार आयडी अशी शाळेची, मुलांची ऑनलाइन माहिती भरणं. पण शिक्षक प्रशिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या एनसीटीईच्या २०१४ च्या नियमांत डीएलएडला किमान २० आठवडे शाळेत काढायला सांगितलेत, ते जाणत्या माणसाच्या नजरेखाली शिकायला. रिकामा वर्ग सांभाळायला नाही.

आता वर्गातलं सांगते. साखर कारखाना सुरू झाला, ऊसतोडीच्या टोळ्या आल्या आणि बीडकडची एक मुलगी तिसरीत येऊन बसली, काखेत धाकटा भाऊ. मी ५२ वजा २७ दिलं. निम्म्या वर्गाचं उत्तर ३५. मोठ्या अंकातून लहान काढायचा, वर कोण, खाली कोण बघायचंच नाही. फळ्यावर हातचा सांगून काही होईना, म्हणून काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधून मांडले. पाच गठ्ठे, दोन सुट्या. ती पोरगी पुढं आली. “दोनच सुट्याहेत, सात कुठून देऊ? मोळी सोडावी लागंल की बाई.” तिनं एक गठ्ठा सोडला, बारा काड्यांतून सात बाजूला केल्या, मग दोन गठ्ठे उचलले. उरलेल्या पंचवीस मोजायला सगळी पोरं तिच्याभोवती.

कॉलेजात सूक्ष्म अध्यापन करतो तेव्हा समोर आमच्याच मैत्रिणी बसलेल्या असतात. त्यांचं उत्तर ३५ येत नाही. ३५ का येतं हे खऱ्या पोरांसमोरच कळतं. आणि त्या क्षणी मागच्या ओळीत जाणता शिक्षक बसलेला असेल, तर ‘उद्या काय’ हेही कळतं. आंतरवासिता राहिलीच पाहिजे, आणि तो मागचा माणूस मिळालाच पाहिजे.

निवृत्त मुख्याध्यापक

ती पोस्ट माझीच. पाठ चांगला झाला, आनंद आहे. पण एक मुलगी चुणचुणीत निघाली म्हणून सगळी पद्धत चांगली ठरत नाही. आमच्या वेळी सराव पाठाला अध्यापक विद्यालयाचे मास्तर पूर्ण तास मागं बसायचे. ‘फळ्याशी बोलू नका, मुलांशी बोला’ हा शेरा मला अजून पाठ आहे. आता येतात ते सही करून चहा पिऊन जातात. अशी आंतरवासिता असण्यापेक्षा नसलेली बरी. महिनाभर मुलं नव्या बाईंच्या नादी लागतात, बाई गेल्या की त्यांना ताळ्यावर आणायचं काम आमचंच.

खडूफळा, पाटण

गुरुजी, तुमच्या वेळी मागं बसायला माणूस होता. आता कुठून आणू? आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याप्रमाणं ६० पटापर्यंत दोन शिक्षक. आम्ही दोघं, पहिली ते पाचवी. मी ताईंच्या मागं बसलो तर बाकीच्यांनी काय व्हरांड्यात कवायत करायची? कायद्याचं २७ वं कलम म्हणतं जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून आम्हाला दुसरं बिगरशैक्षणिक काम द्यायचं नाही. प्रत्यक्षात रोज एक नवी लिंक, ‘आज चारपर्यंत भरा’. डोंगरावर रेंजसाठी टेकाडावर जाऊन उभं राहावं लागतं. वर १ सप्टेंबर २०२५ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल. निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त राहिलीत, म्हणून आता दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पास व्हा. दिवसभर पाच इयत्ता आणि रात्री बालमानसशास्त्राच्या नोट्स. आमच्या मागं कोण बसतंय?

डीएड २०११

सर, टीईटीचं रडगाणं माझ्यासमोर नको. पगार चालू असताना परीक्षा द्यायचीय तुम्हाला. २०१० च्या शिक्षक भरतीच्या सीईटीनंतर भरती थांबली, भरतीसाठीची पुढची परीक्षा, अभियोग्यता चाचणी, २०१७ च्या डिसेंबरात. तोवर आमच्या बॅचची पोरं दूध संकलनावर नाहीतर मॉलमध्ये. मीही विट्याजवळ दुधाचे कॅनच उचलतोय. ताई, नजरेखाली शिका जरूर, पण पुढं नोकरी कुठाय तेही विचारा कुणालातरी.

पालक, वाळवा

सगळे आपापलं मांडताय, मुलांचं कोण बोलणार? माझा मुलगा तिसरीत आहे, अशाच शाळेत. दिवाळीनंतर टोळीची पोरं येऊन बसतात, मार्च-एप्रिलला जातात. बाईंचा सगळा जीव त्यांच्यात. त्यात बाई शिकाऊ. मग निपुणच्या, म्हणजे वाचन-गणिताच्या, तपासणीत शाळा खाली. पूर्वी कारखान्यावर साखरशाळा होत्या, त्या परत सुरू करा. ज्याचं नाव पटावर नाही त्या धाकट्या भावालाही खिचडी वाढायची, हा कुठला नियम?

खडूफळा, पाटण

लाज वाटू द्या जरा. दोन वर्षांच्या पोराच्या पळीभर खिचडीचा हिशेब मांडताय? तो भाऊ शाळेत नसेल तर ती पोरगी त्याला सांभाळत खोपीवर बसेल. आई-बाप पहाटेच फडात गेलेले असतात.

पालक, वाळवा

मला लाज शिकवू नका. गावातले निम्मे लोक पिवळ्या बसनं पोरं इंग्लिश मीडियमला धाडतात. मी जि. प. शाळेत घातलंय, म्हणून तिथला पट आणि तुमच्यासारख्यांची जागा टिकलीय. मग मी विचारायचंच नाही का?

बालाघाट

मी धारूर तालुक्यातला. आई-बापाचा कोयता सांगली जिल्ह्यातच असायचा. साखरशाळा पालकांना बाहेरून बरी दिसते, मी आत बसलोय. पत्र्याचं शेड, एक स्वयंसेवक, पहिलीपासून चौथीपर्यंत सगळे एकत्र. गाडी कारखान्यात वळली की धूळ थेट पाटीवर. गावाकडं परतलो की तिथले गुरुजी म्हणायचे, सहा महिने कुठं होतास, बस परत मागं. पुढं एका हंगामात गावातल्या शाळेत बसवलं. तिथं अशाच एक शिकाऊ बाई होत्या. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून दिलं की याला गुणाकार येतो, भागाकार सुरू करा. त्या पानामुळं मी मागं बसलो नाही. आता त्यासाठी शिक्षण हमी कार्ड आहे, मुलाला काय येतं ते पुढच्या शाळेला कळावं म्हणून. किती शाळा ते नीट भरून देतात, हे विचारा एकदा. खिचडीचं नंतर विचारा.

कृष्णाकाठ

बालाघाट दादा, त्या मुलीचं हमी कार्ड मी बघितलं. नाव, गाव, शिक्का. काय येतं त्या जागी ‘प्रगती समाधानकारक’. ते उद्या सरांसमोर बसून भरणार आहे. पालकदादा, तुमच्या मुलाचा तास वाया जातो ही तुमची काळजी खरी आहे, पण तो वाया घालवणारी ती मुलं नाहीत. एका खोलीत दोन इयत्ता आहेत, हे कारण आहे. आमच्या वर्गात हातचा गावातल्या मुलांना तिच्यामुळं उमगला.

पाटणचे सर, दिवसभर मागं बसा असं मी म्हणतच नाही. आम्ही शाळेत जोडीनं येतो. एक पाठ घेईल, दुसरी बाकीच्या इयत्ता धरेल, तुम्ही रोज एक तास बसा. लिंक पाचला भरली तर शाळा बुडत नाही.

खडूफळा, पाटण

लिंक पाचला भरली तर नोटीस मला येते, तुम्हाला नाही. पण जोडीचं जमेल. आमच्याकडं आलेल्या दोघींना आम्ही दोन खोल्यांत वाटून टाकलं होतं. पुढच्या वेळी बघू.

पालक, वाळवा

साखरशाळेचं सोडून देतो, दादांनी आतून बघितलंय. पण तपासणीत त्या मुलांचा निकाल वेगळा धरा, ही मागणी सोडणार नाही. शाळा व्यवस्थापन समितीवर आहे मी, हमी कार्डांचा विषय बैठकीत घेतो. शिकाऊ बाईंबद्दल माझं मत आहे तेच आहे.

निवृत्त मुख्याध्यापक

‘बंद करा’ हे मागं घेतो, एवढंच. तक्ते आणि फोटोंचं मागं घेत नाही. मागं बसायला माणूस नाही म्हणता, मी घरीच असतो. कराड तालुक्यातल्या कुठल्याही शाळेनं बोलवावं, मानधन नको. मात्र टाचण आदल्या दिवशी बघणार, आणि चुकलं तर मुलांसमोर नाही, पण तोंडावर सांगणार.

कृष्णाकाठ

गुरुजी, मला हेच पाहिजे. कराडहून वाळवा लांब नाही. आमच्या सरांना विचारून कळवते.

डीएड २०११

म्हणजे शेवटी काम निवृत्तांनाच. सरकारनंही २०२३ ला रिकाम्या जागांवर निवृत्त शिक्षक कंत्राटावर घ्यायचा आदेश काढला, तेव्हाही आम्ही असेच बाहेरून बघत होतो. गुरुजी, तुमचा हेतू चांगलाय, मान्य. पण फुकट काम करणारा मिळाला की जागा भरायची गरज कुणाला वाटत नाही. शाळेत जाताना तेवढं त्या केंद्रप्रमुखांना लेखी विचारा, या केंद्रात किती जागा रिकाम्या आहेत आणि कधी भरणार.